वाऱ्याचा रकाना

त्याच्या तोंडात पाइप कोंबला गेला तेव्हा मी तीन-चार हातांवर उभा होतो. टँकरच्या पाइपच्या टोकाला पितळेचं कपलिंग असतं, मुठीएवढं, जड. ते दातांवर आपटल्याचा आवाज मी ऐकला. "पी की! पाणीच आहे म्हणतोस ना, मग पी!" कोणीतरी ओरडत होतं. लोक हसत होते. डोक्यांच्या वर मोबाइल धरलेले हात होते, आणि त्या हातांच्या मधून मला त्याचा चेहरा दिसत होता. नाकातून साबणाचा फेस आणि रक्त एकत्र येत होतं. रविवार होता, सकाळचे साडेदहा-अकरा, लख्ख ऊन. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका नाल्यावरच्या पुलाच्या कठड्याशी थांबून बघत होत्या.

त्या माणसाला मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तरी त्याच्यावर ती माणसं मीच घातली होती. घरी बसून, पोहे खाता खाता.

मी डोंबिवली पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूला राहतो. घरं जिथं संपतात आणि कारखाने जिथं सुरू होतात, नेमक्या त्या रेघेवर आमची इमारत आहे. इथं राहणाऱ्याला वासाचं कौतुक उरत नाही. कधी सडक्या अंड्यांचा, कधी नेलपॉलिशसारखा, कधी वास काहीच नाही आणि नुसती डोळ्यांची चुरचूर. लोक खिडक्या लावून घेतात आणि कामाला लागतात. माझी मुलगी चार वर्षांची असताना एका सकाळी उलट्या करतच उठली, आणि त्या दिवशी मी ठरवलं की हे कुठेतरी लिहून ठेवायचं.

तेव्हा मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये, रबराचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासनीस होतो. अजूनही तिथंच आहे. आमच्या प्रयोगशाळेत एक वयस्क केमिस्ट होते, माजिवड्याच्या जुन्या ख्रिश्चन कुटुंबातले. त्यांच्या घरची भातशेती हायवेखाली गेलेली. सगळे त्यांना अंकल म्हणायचे. एकदा प्रेसवर एका ऑपरेटरची दोन बोटं गेली. रक्त तापलेल्या साच्यावर उडालं होतं आणि तिथं ते शिजत होतं. तो वास मी अजून विसरलेलो नाही. बटण कोणी दाबलं म्हणून सगळे एकमेकांवर ओरडत होते, आणि दोघांनी एका फिटरला भिंतीला लावून त्याचा गळा धरला होता. अंकल मधे पडले. फिटरला सोडवलं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक कोरा कागद दिला.

"आधी लिहा. एकमेकांशी बोलायच्या आधी. कुठे उभे होतात, काय दिसलं. आणि काय नाही दिसलं ते पण लिहायचं, काय?"

फिटर त्या वेळी शेडमध्ये नव्हताच, हे त्या कागदांवरून निघालं. पाच मिनिटं उशीर झाला असता तर त्याचं डोकं फुटलेलं असतं.

वासाची वही मला अंकलनीच आखून दिली. तारीख, वेळ, वास कसला, किती जोराचा, आणि कोणाकोणाला आला. शेवटी एक रकाना वाऱ्याचा. "वारा लिहिला नाहीस तर वास लिहू नको रे बाबा," ते म्हणाले. "नाकाला वास कळतो, पत्ता नाय कळत. पत्ता वारा सांगतो."

मग मी गच्चीवर अँटेनाच्या दांडीला बायकोच्या जुन्या परकराची एक पट्टी बांधली. थंडीच्या दिवसांत आमच्याकडे सकाळी वारा पूर्वेकडून येतो, डोंगरांच्या बाजूनं. दुपारी तो फिरतो आणि पश्चिमेकडून, खाडीवरून येतो. कारखाने आमच्या पूर्वेला आहेत आणि नाला पश्चिमेला. म्हणजे थंडीत सकाळी वास आला तर तो कारखान्यांकडचा. नाल्याचा वास त्या वेळी आमच्यापर्यंत येऊच शकत नाही. पुढच्या सगळ्या प्रकरणात कळायला हवं होतं ते एवढंच, आणि ते कळणारा आमच्या भागात मी एकटा होतो.

त्या वहीची मी एक साइट केली. वर्षाकाठी थोडे पैसे भरून घेतलेली जागा, दुसऱ्या कोणाच्या तरी पानावरून उतरवून घेतलेला सांगाडा, आणि मागे एक भडक पिवळा रंग. तो बदलायचा कसा हे मला शेवटपर्यंत जमलं नाही. वाचायला सभासद व्हावं लागत नव्हतं, परवानगी लागत नव्हती. पत्ता माहीत असलेला कोणीही उघडू शकत होता, शोधणाऱ्याला सापडू शकत होती. तळाशी माझं नाव, फोन आणि इमारतीचा पत्ता होता, कारण अंकलचं म्हणणं, सही नसलेला कागद लोक ओटा पुसायला वापरतात.

एकदा मी लिहिलं की आज ॲसिडचा वास, खूप जोराचा, वारा पडलेला. दोन दिवसांनी आमच्याच मागच्या इमारतीतल्या एका बाईंची मेल आली, "तो वास आमच्या बाथरूमचा होता हो, तुंबलेलं मोरीचं भोक साफ करत होतो." मी मूळ नोंद खोडली नाही. तिच्यावर रेघ मारली, खाली तारीख घातली आणि लिहिलं, "चूक झाली, वास मोरीचा." ती नोंद अजून तशीच आहे. पन्नासेक माणसं वाचत असतील तेव्हा. कल्याणचे एक डॉक्टर खोकल्याचे पेशंट वाढले की तारखा ताडून बघायचे. कोणा विद्यार्थ्यानं सगळ्या नोंदी प्रोजेक्टसाठी उतरवून घेतल्या आणि नंतर कळवलं. मला त्यात बरं वाटायचं. पण बरं वाटणं पुरलं नाही, हे मला कबूल केलं पाहिजे.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकजण म्हणाला, "काका, तुमची ती पिवळी साइट बघतं कोण? सगळी पब्लिक तिकडे आहे. पेज काढा." म्हणून मी त्या मोठ्या सोशल मीडिया कंपनीच्या साइटवर आमच्या भागाच्या नावानं पेज काढलं. तिथं माझं नाव कुठे दिसत नव्हतं. सुरुवातीला सगळे रकाने जसेच्या तसे टाकायचो. कोणी ढुंकून बघायचं नाही. मग एका सकाळी डोळ्यांतून पाणी गळत असताना मी नुसतं लिहिलं, "आज पुन्हा आपल्या पोरांना विष पाजलं. हातात बांगड्या भरल्यात का आपण?" दुपारपर्यंत फोन गरम झाला. जेवणाच्या सुट्टीत मी दर दोन मिनिटांनी तो लाल आकडा बघत होतो. डबा तसाच राहिला.

त्यानंतर रकाने एकेक करून गळाले. पहिला वाऱ्याचा. त्या जागेत लिहायला एक चौकोन होता आणि त्यात राग मावायचा, वारा मावायचा नाही. सगळं त्या साइटच्या कंपनीवर ढकलून मोकळं होता आलं असतं तर मी झालो असतो. पण कंपनीनं माझा हात धरला नव्हता. कोणत्या वाक्याला माणसं उसळतात हे मी शिकत गेलो, आणि ती वाक्यं मी घासूनपुसून लिहू लागलो. खाली लोक लिहायचे, "हात तोडा साल्यांचे", "नाल्यातच बुडवा", "पेट्रोल माझ्याकडून". मी त्यांना बदाम द्यायचो. आवडल्याच्या त्या लाल हृदयाला आमच्याकडे बदामच म्हणतात. वही सुटली नव्हती. संध्याकाळी घरी आलो की सवयीनं पिवळ्या साइटवर नोंद करायचो, वाऱ्यासकट. पण ते देवघरात दिवा लावावा तसं झालं होतं. लावला आणि विसरलो.

दरम्यान एक भंगारवाला होता. तांब्यासाठी वायरी जाळायचा. खरोखरच जाळायचा. मी त्याच्या दुकानाचा फोटो टाकला आणि त्याच संध्याकाळी पोरांनी शटर वाकवलं, वजनकाटा रस्त्यात आपटला आणि त्याचा खांदा उखळीतून काढला. धूर बंद झाला. मी पेजवर लिहिलं, "एकीचं बळ." बायकोनं वाचलं आणि म्हणाली, "तुम्ही हल्ली जेवतानासुद्धा दातओठ खाता. आवाज येतो मला."

मी म्हणालो, "धूर गेला की नाही?"

"गेला ना. त्याची बायको दोन पोरं घेऊन फुटपाथवर बसलीय, ते पण दिसलं मला."

मी पान उलटल्यासारखा तिचं बोलणं उलटून पुढे गेलो.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी सकाळी सातच्या सुमाराला डोळे चुरचुरायला लागले. गच्चीवर गेलो. पट्टी पश्चिमेकडे उडत होती, म्हणजे वारा पूर्वेचा. खाली येऊन वहीत लिहिलं: सात वाजता, क्लोरीनसारखा, जोराचा, वारा पूर्वेकडून. हे मी माझ्या हातानं लिहिलं. साडेनऊच्या सुमाराला पेजवर कोणीतरी फोटो पाठवला. नाल्याच्या पुलाशी उभा असलेला टँकर, पाइप खाली नाल्यात सोडलेला, पांढरा फेस, आणि पाइपाजवळ वाकलेला एक माणूस. चेहरा स्पष्ट. नंबरप्लेट स्पष्ट.

नाला पश्चिमेला. मला हे माहीत होतं. नंतर विचार करताना लक्षात आलं असं मी म्हणू शकत नाही. फोटो बघता क्षणी माझ्या मनात आलं की वारा उलटा आहे, याचा वास इथं येणार नाही. आणि त्याच क्षणी हेही आलं की असा फोटो पुन्हा मिळणार नाही. पोह्यांची बशी मांडीवर होती. डाव्या हातानं मी लिहिलं, "हा बघा आपला विषवाला. आज सकाळी आपल्या लेकरांचे डोळे जळले ते याच्यामुळे. अजून पुलावरच आहे. नंबर नीट बघून ठेवा." वाचून बघितलं. "अजून पुलावरच आहे" हे वाक्य मला फार आवडलं.

दहानंतर आरडाओरडा ऐकू आला तेव्हा मी चपला घालून निघालो. थांबवायला निघालो असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. मी बघायला निघालो होतो.

साठ-सत्तर माणसं होती. त्याला टँकरच्या चाकाला टेकवून बसवलं होतं, शर्ट फाटलेला, एक चप्पल नाल्यात. चाळिशीचा, काळासावळा, आमच्या मागच्याच आगरी गावातला, हे मला नंतर कळलं. तो सारखा एकच सांगत होता. "पानी हाय रं दादा, पियाचा पानी हाय. टाकी धुतय. साबूचा फेस हाय त्यो."

ते खरं होतं. एका सोसायटीनं पाण्यात गाळ येतो म्हणून तक्रार केली होती आणि मालकानं त्याला टाकी धुऊन आणायला सांगितलं होतं.

गर्दीतल्या एका जिममध्ये जाणाऱ्या, टी-शर्ट दंडात रुतलेल्या पोरानं मला ओळखलं. सोसायटीत पेज माझं आहे हे काही जणांना माहीत होतं. तो ओरडला, "ए सरका, सरका! काका आले!" आणि लोक खरंच सरकले. वाट झाली.

"काका, हाच ना?"

मी त्या माणसाकडे बघितलं. त्यानं माझ्याकडे बघितलं. सगळ्यांत वयानं मोठा मीच होतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला आशा दिसली. मी काहीतरी शहाणपणाचं बोलेन असं त्याला वाटलं असावं.

"हो," मी म्हणालो.

"मग शुभारंभ काकांच्या हस्ते!" तो पोरगा म्हणाला. हशा झाला. दुसऱ्यानं टाळी दिली. "नारळ फोडा, काका!" आमच्याकडे रस्त्याच्या कामापासून क्रिकेटच्या सामन्यापर्यंत सगळ्याला कोणातरी काकांचा हात लागतो. मी अशा कितीतरी फिती कापल्या आहेत. कोणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे ढकललं, मायेनं ढकलतात तसं. मी त्या माणसाच्या थोबाडीत मारली.

त्यानंतर ते सगळे तुटून पडले. मी मागे ढकलला गेलो. लाथा बसल्याचा आवाज पोत्यावर बसल्यासारखा येतो, बरगडीवर बसली की वेगळा येतो. त्याला उठवून उभा केला, पुन्हा पाडला. त्यानं जमिनीवरून सरपटत जाऊन पाइपाचं तोंड धरलं, ओंजळीत पाणी घेतलं आणि प्यायला. सगळ्यांना दाखवून प्यायला. "बघा, पितय, बघा." कोणालाही तेवढ्यावर थांबता आलं असतं. मला तर आलंच असतं. पण "ॲक्टिंग करतोय भडवा" असं कोणीतरी म्हणालं, आणि मग तो पाइप त्याच्या तोंडात गेला. तो ओढायच्या झटापटीत कपलिंग वर उसळलं आणि त्याच्या डाव्या डोळ्यावर बसलं. त्यानं आवाज केला नाही. दोन्ही हात डोळ्यावर ठेवून तो वाकला, बोटांच्या फटीतून जे आलं ते नुसतं रक्त नव्हतं. तेव्हा गर्दी विरघळली. पाच मिनिटांत पुलावर तो, टँकर आणि एक रिक्षावाला उरले. रिक्षावाल्यानं त्याला उचललं. मी पानाच्या टपरीमागे उभा होतो.

घरी येऊन मी पोस्ट काढून टाकली. एक बोट, एक प्रश्न, "नक्की काढायची?" हो. झालं. पण तोवर तिच्या नकला सगळीकडे गेल्या होत्या, माझ्या वाक्यासकट आणि पेजच्या नावाशिवाय. मारहाणीचे व्हिडिओ आले. नऊ-दहा असतील, मी सगळे बघितले. एकात पाइपाच्या क्षणाला मागे ढोल जोडला होता. एकाही व्हिडिओत माझा हात दिसत नव्हता. लोक मोबाइल बाहेर काढतात ते मारामारी सुरू झाल्यावर, आणि मी सुरुवातीलाच होतो.

चार पोरांना अटक झाली, जामीनही झाला. माझं नाव त्यांच्यापैकी कोणी घेतलं नाही. त्या माणसाचा डोळा गेला. एका डोळ्याच्या माणसाला जड वाहन चालवायचं लायसन्स राहत नाही. मालकानं त्याला काढला. आणि वर त्याच्यावरच केस झाली, नाल्यात केमिकल सोडल्याची. नाल्याच्या पाण्याचा नमुना घेतला होता आणि आमच्या नाल्यात केमिकल कोणत्या दिवशी नसतं? "परिसरातील नागरिकांना सकाळी त्रास झाला" असं कागदात लिहिलं होतं. ते नागरिक म्हणजे माझी पोस्ट. पोस्ट आता कुठेच नव्हती, पण ती कागदात जाऊन बसली होती.

अंकलनी व्हिडिओ बघितला होता. ते आता निवृत्त, ऐकायला कमी येतं. त्यांचा फोन आला. "अरे, तुमच्याकडचंच ना ते? वारा कुठून होता त्या दिवशी?"

"आठवत नाही, अंकल," मी म्हणालो.

 "वहीत असेल बघ," ते म्हणाले.

मी पेज बंद केलं. पिवळ्या साइटला हात लावला नाही. तिचं कोणाच्या लक्षात येईल असं वाटलंच नाही.

दीडेक वर्षानं एका शनिवारी दुपारी बेल वाजली. दारात विशीची एक मुलगी, खांद्याला सॅक, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागद.

"काका, ती पिवळी साइट तुमचीच ना? वासाची? खाली पत्ता होता म्हणून आलेली."

ती त्या टँकरवाल्याची मुलगी होती. कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला. वकिलानं सांगितलं होतं की त्या दिवसाचा काहीतरी पुरावा आणा, नुसतं 'पाणी होतं' म्हणून चालणार नाही. मग ती शोधत बसली. सोशल मीडियाच्या त्या साइटवर सगळीकडे "ही पोस्ट आता उपलब्ध नाही" असं येत होतं. मग तिनं तारीख, नाला, वास, डोंबिवली असं टाकून बघितलं आणि माझं पान निघालं.

"बघा ना," ती दारातच कागद काढत म्हणाली. तिनं माझी नोंद छापून आणली होती, एका ओळीखाली लाल पेनानं रेघ. "सात वाजता वास, वारा पूर्वेकडून. बाबांचा टँकर तर पश्चिमेला होता! म्हणजे वास त्यांचा नव्हताच ना? तुम्हीच एक आहात ज्यांनी लिहून ठेवलंय. तुम्ही कोर्टात एवढंच सांगाल का? पुढच्या महिन्यात कल्याणला तारीख आहे. केसमधून सुटले तर निदान छोटा टेम्पो तरी चालवायला देईल कोणी."

माझी बायको आतून पाणी घेऊन आली होती. ती माझ्याकडे बघत उभी राहिली. पेज कोणाचं होतं हे तिला माहीत होतं. पुलावर मी काय केलं ते नव्हतं.

"सांगीन," मी म्हणालो.

त्या मुलीचे डोळे भरले. "थँक्यू काका. खरंच. तुम्ही बाबांना भेटता का? चला ना, आत्ता. त्यांना बरं वाटेल. कोणीतरी आपल्या बाजूनं आहे असं त्यांना वाटतच नाही."

मी नाही म्हणू शकलो असतो. काम आहे, पुढच्या रविवारी येतो, असं म्हणता आलं असतं. तिला तिथंच खरं सांगता आलं असतं, ते तर सर्वांत सोपं होतं. मी तिच्या स्कूटीवर मागे बसलो. वाटेत ती मान वळवून बोलत राहिली, बाबांच्या डोक्यात कसे आवाज येतात, पाइप दिसला की ते कसे थरथरतात, अगदी बागेत झाडांना पाणी घालायचा असला तरी. मी "हं, हं" करत होतो.

घर रस्त्याला लागूनच होतं. ओटीवर तो खुर्चीत बसला होता. डाव्या पापणीची शिवण आत ओढलेली, पुढचे दात नव्हते. मी पायरीवर थांबलो. त्यानं उजव्या डोळ्यानं माझ्याकडे बघितलं आणि बघतच राहिला.

"बस," तो म्हणाला. "चाय घेशील?"

चहा आला. मुलगी वाऱ्याचं समजावून सांगू लागली, कागदावर बाण काढून. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "तो फोटो मी टाकला होता. 'विषवाला' मी लिहिलं. ते पेज माझं होतं. वारा उलटा आहे हे माहीत असून लिहिलं. आणि पुलावर पहिली थोबाडीत मी मारली."

मुलीच्या हातातला पेन थांबला. मग तिनं माझा कप उचलला आणि माझ्या मागच्या भिंतीवर फेकून मारला. चहा माझ्या मानेवर उडाला. माझी कॉलर तिच्या मुठीत होती आणि ती मला हलवत होती, वरची गुंडी तुटून गेली.

"माझ्या गाडीवर बसून आलात तुम्ही! माझ्या मागे बसून! अख्खा रस्ता मी बोलत होते तुमच्याशी, आणि तुम्ही हं हं करत होता! थँक्यू म्हटलं मी तुम्हाला!"

"सोर त्याला," तो म्हणाला. ती सोडेना. "सोर, बोल्लो ना."

तिनं सोडलं. ती भिंतीला टेकून रडू लागली, रागानं, तोंड उघडं ठेवून.

"मी वलखला तुला," तो मला म्हणाला. "पायरीवच वलखला. बगत व्हतो, बोलतंस का नाय."

मग तो मुलीला म्हणाला, "लिव. वकिलाला द्याचा हाय ना? आता बोलला त्या सगला लिव."

 नाक पुसून तिनं फोन काढला आणि टाइप करायला लागली. मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. मधूनच वर बघायची, तेव्हा मला बोलणं अवघड व्हायचं. फोटो किती वाजता आला. गच्चीवर मी काय बघितलं. पोस्टमधली वाक्यं शब्दाला शब्द. "मला पुढे ढकललं, आणि मी त्यांच्या गालावर एक चापट मारली," मी सांगितलं.

"एक नाय," तो म्हणाला. "दोन."

मला दुसरी आठवत नव्हती. आजही आठवत नाही. मी म्हणालो, "एकच मारली होती हो मी."

 तो खुर्चीत पुढे सरकला आणि उजवा गाल माझ्यासमोर आणला. हनुवटीच्या वर, दाढीच्या खुंटांत, नखाएवढी एक पांढरी खूण होती. "दुसरी उलट्या हातान मारलीस. आंगठी व्हती तुजी. ह्या दुसऱ्या कोनाचा नाय, तुजा हाय."

माझ्या उजव्या हातात पुष्कराजाची अंगठी आहे. कोणा ज्योतिष्यानं राग कमी होईल म्हणून सांगितलेली, आईनं घातलेली.

"दोन," मी म्हणालो.

मुलीनं आधीचा शब्द पुसला आणि नवा लिहिला. मी खाली माझं नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी तेच छापून, सही करून मी पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारानं निवेदन दोनदा वाचलं आणि विचारलं, "तुमच्यावर कोणी प्रेशर आणलंय का?" घरी येऊन पिवळ्या साइटवर त्या तारखेखाली सगळं टाकलं, दोन थपडांसकट, नावासकट. चार-पाच जणांनी वाचलं असेल. अंकलची एका ओळीची मेल आली, "वाचलं. रविवारी घरी ये." बायको महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलली. ती म्हणाली ते एवढंच, "मला दुसऱ्या कोणाकडून कळलं असतं तर मी निघून गेले असते."

त्याच्यावरची केस अजून संपलेली नाही, माझ्यावरची सुरू झाली आहे. वकील म्हणतात की माझ्या जबाबानं त्याचं काम होईल, वेळ लागेल. माझं काय होईल ते तेही सांगत नाहीत.

मागच्या तारखेला कल्याणच्या कोर्टात पुकारा व्हायला दुपार झाली. बाहेरच्या बाकावर तो एकटा होता, मुलगी कागदांच्या झेरॉक्स काढायला गेलेली. दुसरीकडे जागा नव्हती म्हणून मी त्याच्या डाव्या बाजूला, थोडं अंतर ठेवून बसलो.  तो भिंतीचा आधार घेत उठला, माझ्या पुढून पलीकडे गेला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला, जिथून मी त्याला उजव्या डोळ्यानं दिसत होतो.